आतली हवा

मे महिन्यात दुपारी अडीच-तीनला सोलापुरात रस्त्यावर दिसतो तो ज्याला जाणं भागच आहे तो. मी अशीच एका खासगी रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभी होते. हातात प्लेट्सचा डबा. आतली केस संपायची होती, मग सफाई, मग माझा नंबर. बाकावर एक गृहस्थ बसले होते, साठी उलटलेले. उन्हातून येताना डोक्याला बांधलेला टॉवेल सोडून त्यांनी मांडीवर घडी करून ठेवला होता. बायको मोरीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, उद्या सकाळी सांधा बदलायचा आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत स्वतःचे माग आहेत, घरी तेलुगू बोलतात. हे सगळं त्यांनी मी न विचारताच सांगितलं. रुग्णालयाच्या बाकावर माणसं लवकर मोकळी होतात. मग माझ्या डब्याकडे बघून म्हणाले, "ह्यात काय हाय मॅडम?" आतली हवा तपासायची असते, त्यासाठीच्या प्लेट्स आहेत, असं मी सांगितलं. त्यांनी समोरच्या बंद दाराकडे जरा वेळ पाहिलं. त्या भिंतीला खिडकी नव्हती, झरोका नव्हता. आणि त्यांनी विचारलं, "मग आत हवा कुठनं येती ओ?"

तेवढ्यात सिस्टरनी हाक मारली आणि मी आत गेले. बाहेर आले तर बाक रिकामा.

तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. मी एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजी बघते. शहरातली आणि आसपासच्या तालुक्यांतली थिएटरं माझ्या पायाखालची. नातेवाईक काय काय विचारतात ते मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय. डॉक्टरांचा हात कसा आहे? पॅकेज किती? जन आरोग्य योजनेत बसतं का? रूम एसी आहे का? सांधा परदेशी घालणार की इथला? हे सगळे रास्तच प्रश्न, प्रत्येकामागे पैशाची किंवा जिवाची काळजी. पण ज्या खोलीत आपल्या माणसाचं शरीर उघडं होणार, त्या खोलीतली हवा कुठून येते आणि कुठे जाते, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. विचारलं ते एका माग चालवणाऱ्या माणसानं. जरा विचार केल्यावर वाटलं, तेच विचारणार. या शहरात हवेची खरी पारख ज्यांना आहे ती हीच माणसं.

माझे बाबा मिलमध्ये होते, विणकाम खात्यात. तिथली हवा ही त्यांच्या बोलण्यातली रोजची गोष्ट होती. सोलापूरचा उन्हाळा कोरडाठाक, आणि कोरड्या हवेत सूत तुटतं. म्हणून खात्याच्या खिडक्या बंद, आत पाण्याचे फवारे आणि दमट गरमा. पाळी संपवून बाबा घरी यायचे तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला असायचा. भुवयांवर, कानाच्या पाळीवर, हाताच्या केसांत कापसाचे बारीक तंतू. आई त्यांना आधी अंगणात उभं करायची, शर्ट झटकायची, मग घरात. बाबा म्हणायचे, दारातून आत पाऊल टाकलं की कळतं आज तुटातुटी होणार की नाही. त्यासाठी भिंतीवरच्या, दमटपणा मोजायच्या काट्याकडे बघायची त्यांना गरज नव्हती. तिथे हवा राखायची ती सुतासाठी. माणूस त्या हवेत खोकत राहायचा, आणि त्याबद्दल कुणी फार बोलत नसे.

ऑपरेशन थिएटरमध्ये हवा राखायची ती टेबलावरच्या माणसासाठी. आणि तिथले आकडे मिलइतकेच कडक आहेत. आपल्याकडे रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या निकषांप्रमाणे खोलीचं तापमान २१ अंशांच्या आसपास, तीन अंश इकडे-तिकडे. आर्द्रता २० ते ६० टक्क्यांच्या मध्ये. तासाला किमान २० वेळा खोलीतली हवा बदलली पाहिजे आणि त्यांतल्या किमान चार वेळची हवा बाहेरून घेतलेली, ताजी हवी. वीस फूट लांब, वीस फूट रुंद, दहा फूट उंच खोली धरली तर तासाला ऐंशी हजार घनफूट हवा. म्हणजे दर तीन मिनिटांनी सगळी खोली नव्यानं भरायची. ती हवा छतातून, हेपा फिल्टरमधून गाळून, टेबलाच्या बरोबर वरून संथपणे खाली उतरते आणि भिंतीच्या तळाशी असलेल्या जाळ्यांतून परत जाते. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवणारा फिल्टर. हे उलटं करून चालत नाही. खालून वर हवा गेली तर जमिनीवरचं सगळं जखमेवर येईल.

आणि दाब. आतल्या हवेचा दाब बाहेरच्या बोळापेक्षा जास्त हवा, किमान २.५ पास्कल. हा दाब किती, तर पाण्याच्या पाव मिलीमीटर थराइतका. कानाला कळत नाही, कातडीला कळत नाही. पण दार बोटभर उघडून फटीशी टिश्यू पेपरची पट्टी धरली की ती बाहेरच्या बाजूला झुकते. म्हणजे हवा आतून बाहेर चाललीय, बोळातली धूळ आत येत नाहीय. महागडी यंत्रं हाती घेण्याआधी मी आजही ही पट्टी धरते. काही ठिकाणी ती सरळ लोंबत राहते. काही ठिकाणी चक्क आत ओढली जाते, आणि मग मला पुढचं बोलायला अवघड होतं.

माझ्या डब्यातल्या प्लेट्सचं सांगते. ब्लड अगर, म्हणजे मेंढीचं रक्त घातलेलं गडद लाल माध्यम, तळहातात मावणाऱ्या गोल प्लेटमध्ये. जमिनीपासून मीटरभर उंच, भिंतीपासून मीटरभर लांब, एक तास झाकण काढून ठेवायची. हवेतून जे खाली बसायचं ते बसतं. मग लॅबमध्ये ३७ अंशांना एक-दोन दिवस उबवायची. सकाळी इन्क्युबेटर उघडला की पहिल्यांदा वास येतो, मग रंग दिसतात. लिंबासारखे पिवळे ठिपके बहुतेक वेळा मायक्रोकॉकसचे, कातडीवरचे निरुपद्रवी भाडेकरू. कोरडे, खडबडीत, पसरलेले डाग बॅसिलसचे; ते मातीतले, सोलापूरच्या धुळीबरोबर आलेले. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की काळी, केसाळ बुरशी. आणि कधीकधी सोनेरी झाक असलेला एक गुळगुळीत ठिपका, त्याच्याभोवती लाल माध्यम विरघळून झालेलं पारदर्शक कडं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, जखमा पिकवणारा जंतू. तो दिसला की मी खुर्ची ओढून बसते. तो मातीतून आलेला नसतो. तिथे वावरलेल्या कुणाच्या तरी नाकातून, हातावरून, मानेवरच्या फोडातून तो आलेला असतो.

बाकावरच्या काकांना उत्तर द्यायचं तर खरं म्हणजे दोन उत्तरं द्यावी लागली असती. नव्या, मोठ्या रुग्णालयांत हवा येते गच्चीवरच्या किंवा बाजूच्या खोलीतल्या एएचयूमधून, म्हणजे हवा खेचणाऱ्या, गाळणाऱ्या, थंड करणाऱ्या यंत्रातून, पत्र्याच्या डक्टमधून. आणि जुन्या, छोट्या रुग्णालयांत? भिंतीवर स्प्लिट एसी असतो. तो बाहेरची हवा आणतच नाही. खोलीतलीच हवा आत ओढतो, गार करतो, परत सोडतो. त्याच्या आत ओलसर जाळी असते, कोपरे असतात, तिथे जंतूंना छान घर मिळतं आणि ते घर बंद करता येत नाही. म्हणूनच एनएबीएचच्या निकषांत कुठल्याही प्रकारच्या थिएटरमध्ये खिडकीतला किंवा स्प्लिट एसी लावू नये असं स्वच्छ म्हटलंय. चव्वेचाळीस अंशांच्या उन्हातून आत आलेल्या माणसाला मात्र त्या एसीची गार झुळूक लागली की "काय झकास थिएटर आहे" असंच वाटतं. गारवा आणि स्वच्छता यांची आपल्या मनात पक्की सांगड बसली आहे. रिसेप्शनला ग्रॅनाइट, लिफ्टला आरसा, ओ.टी.ला एसी, बघणाऱ्याचं समाधान होतं.

इथे माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. ज्यांच्या थिएटरात स्प्लिट एसी आहे अशा किती तरी डॉक्टरांना मी ओळखते. रात्री दोनला बाळंतपणाची अडलेली बाई आली तर उठून येणारी ही माणसं. पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांचं बिल निम्मं करणारी, उरलेलं हप्त्यानं घेणारी. त्यांच्या त्या छोट्या खोलीत एएचयू, डक्ट, हेपा बसवायचा तर छत खाली घ्यावं लागतं, भिंती फोडाव्या लागतात, आणि नंतर महिन्याचं वीजबिल वेगळं. तो खर्च शेवटी कुणाच्या बिलात जाणार हे उघड आहे. उद्या कागदावरचे सगळे निकष सक्तीचे केले आणि ही रुग्णालयं बंद पडली, तर ती विडी कामगार बाई कुठे जाईल? सिव्हिलला जाईल, जिथे सोलापूर, धाराशिव, शेजारचा कर्नाटक, सगळीकडून आधीच रांग लागलेली आहे. हे मला दिसतं. आणि त्याच वेळी पू झालेला खुबा घेऊन सहा-सहा महिने अंथरुणाला खिळलेली माणसंही माझ्याच लॅबमध्ये नमुन्याच्या रूपानं येतात. साध्या अपेंडिक्सच्या टाक्यांत पू झाला तर जखम धुऊन, औषधं देऊन निभावतं. आत धातूचा सांधा असेल तर जंतू त्याच्यावर थर करून बसतात, औषध तिथवर पोचत नाही, आणि पुष्कळदा सांधाच काढावा लागतो. म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलंय: गळू फोडायला, टाके घालायला छोटी खोली चालेल, सांधा बदलायचा तर हवा राखलेलं थिएटरच हवं. हे मी डॉक्टरांना तोंडावर सांगते. काहींना आवडतं, काही लॅब बदलतात.

सांध्यांच्या या हवेचं वेड ज्यानं पहिल्यांदा घेतलं तो जॉन चार्नली. आज जगभर खुब्याचा सांधा बदलतात त्या शस्त्रक्रियेचा पाया इंग्लंडमध्ये राइटिंग्टन रुग्णालयात त्यानं घातला. १९६०च्या आसपास त्याचे सुरुवातीचे सांधे चांगले बसत, पण शंभरातले सात-आठ पिकत. तो हातमोज्यांच्या, टाक्यांच्या मागे लागला तसाच हवेच्याही मागे लागला. टेबलाभोवती त्यानं एक छोटी खोलीच उभी केली, वरून गाळलेली हवा सोडली; पुढे तर शल्यविशारदांनी डोक्यावर शिरस्त्राणासारखं झाकण घालायचं आणि त्यांचा श्वास नळीनं बाहेर खेचायचा, इथवर गेला. दहाएक वर्षांत प्रमाण एका टक्क्याच्या आत आलं. त्यात हवेचा वाटा किती आणि बाकीच्या सुधारणांचा किती, यावर अजून वाद आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६मध्ये तर सांधेरोपणासाठी लॅमिनार फ्लोचा, म्हणजे छतातून एकसंध झोतात गाळलेली हवा सोडणाऱ्या यंत्रणेचा, खास आग्रह धरू नका असंच सुचवलं. म्हणजे छताला महागडी यंत्रणा बसवली म्हणून काम झालं असं नाही. पण याचा अर्थ खोलीत हवाच बदलू नका असा होत नाही, आणि हा दुसरा अर्थ काढणारे मला भेटतात.

कारण हवेत जंतू येतात कुठून? आपल्याच अंगावरून. चालता-बोलता माणसाच्या कातडीच्या बारीक खपल्या मिनिटाला हजारोंनी गळतात, आणि त्यांतल्या काही खपल्यांवर जंतू स्वार असतात. थिएटरमध्ये जितकी माणसं जास्त, जितकी हालचाल जास्त, तितकी प्लेट भरते. आणि दार. आपल्याकडे दाराला किंमतच नाही. एखाद्या केसच्या वेळी कोपऱ्यात उभं राहून बघावं: कंपनीचा माणूस सांध्याचा वेगळा साइज आणायला बाहेर जातो, मामा ट्रॉली आणतो, भूलतज्ज्ञांचा फोन वाजतो, शिकाऊ डॉक्टर बघायला येतात, कुणी सह्या घ्यायला डोकावतं. प्रत्येक वेळी तो पाव मिलीमीटरचा दाब ढासळतो. एका ठिकाणी तर दार पुन्हा पुन्हा उघडायचा त्रास नको म्हणून त्याला स्टूल लावून ठेवलेलं मी पाहिलंय. आत लाखोंचा एएचयू घरघरत होता आणि ती सगळी हवा बोळ थंड करत होती.

पाण्याचंही असंच. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, हे सोलापूरकरांना सांगायला नको. उजनीचं पाणी काही दिवसांच्या खंडानं आलं की शहरभर टाक्या भरायची धांदल. रुग्णालयालाही तेच, खाली हौद, वर टाकी, वरून नळ. साठलेलं पाणी, गरमा, नळाच्या तोंडावरची जाळी: स्यूडोमोनास नावाच्या जंतूला याहून जास्त काही लागत नाही. हात धुवायच्या सिंकपाशी, नळाच्या तोंडाशी स्वॅब फिरवला की प्लेटवर हिरवी झाक उतरते आणि झाकण काढताच द्राक्षांसारखा गोडसर वास येतो. तो वास इतका छान असतो की नव्या मुली हसतात. मी त्यांना डोळ्यांच्या शिबिरांमध्ये याच जंतूनं काय होतं ते सांगते. एका रात्रीत मोतीबिंदूचा डोळा कायमचा जाऊ शकतो.

त्याहून मला अस्वस्थ करते ती सॅव्हलॉनची बाटली. पाण्यात मिसळलेलं जंतुनाशक तळाशी दोन बोटं उरलं की त्यातच नवं ओतायचं, बाटली धुवायची नाही, वाळवायची नाही. दिसायला पिवळं, वासाला तेच ओळखीचं. पण पातळ केलेल्या जंतुनाशकात स्यूडोमोनास जगतो, वाढतोसुद्धा. मी तो अशा बाटलीतून वाढवून दाखवलाय. ज्या सिस्टरला दाखवला तिनं त्याच दिवशी सगळ्या बाटल्या खाली ओतल्या, उकळल्या आणि उलट्या करून वाळत घातल्या. तेव्हापासून तिच्या थिएटरात प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी असते, त्यावर भरल्याची तारीख. त्या तारखेला किंमत पडली ती सगळी मिळून एका बॉलपेनची. माझा जीव अशा माणसांपाशी गुंततो.

आणि कापड. सोलापूरच्या बाईला कापडाबद्दल न लिहिता पुढे जाणं शक्य नाही. थिएटरची हिरवी चादर, गाऊन, टॉवेल हे बहुतेक ठिकाणी अजून सुतीच. घडी करून ड्रममध्ये भरतात आणि ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना, १५ पौंड दाबाखाली वाफवतात. जुन्या सिस्टर ड्रम भरला की घड्यांच्या मधून तळहात सरळ खाली घालून बघतात. हात गेला तर वाफ जाईल. ठासून भरलेल्या ड्रमच्या मध्यापर्यंत वाफ पोचत नाही. ड्रमवर चिकटवलेल्या, उष्णतेनं रंग बदलणाऱ्या सिग्नलॉक पट्टीवर काळे पट्टे उमटतात, बघणाऱ्याला वाटतं झालं, पण पट्टी सांगते ते फक्त बाहेरच्या उष्णतेचं. ड्रम उघडला की शिजलेल्या सुताचा एक उबदार वास येतो. मला तो फार आवडतो, त्यात मिलच्या दाराशी बाबांची वाट बघत उभं राहण्याची आठवण आहे. पण हात लावून कापड ओलसर लागलं तर ते परत पाठवायचं, कारण ओल्या सुतातून जंतू आरपार जातात. हीच गोष्ट ऑपरेशन चालू असताना. रक्तानं, पाण्यानं भिजलेली सुती चादर अडवत काहीच नाही, उलट खालच्या कातडीवरचे जंतू वर आणते. शिवाय सूत गळतं; ते तंतू हवेत तरंगतात, जंतूंना घेऊन जखमेत उतरतात. ज्या धाग्यावर हे शहर उभं राहिलं त्याच्याविरुद्ध हे लिहिताना मला वाईट वाटतं. तरी लिहिते. मोठ्या ऑपरेशनला पाणी न शोषणारी, एकदा वापरून टाकायची चादर हवी, आणि सुती वापरायचीच तर घट्ट विणीची, विरलेली नको, ठिगळाची नको.

भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. सोलापूरच्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला त्यांची गोष्ट पाठ असते: १९३८मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथेच राहिले, १९४२मध्ये बत्तिसाव्या वर्षी गेले. माझ्या मनात मात्र त्या गोष्टीतला दुसराच माणूस घर करून आहे. कोटणीस ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले ते नॉर्मन बेथ्यून या कॅनडाच्या सर्जनच्या नावाचं. बेथ्यून आघाडीवर, खेड्यातल्या देवळात टेबल मांडून शस्त्रक्रिया करायचे. १९३९च्या अखेरीस हातमोज्यांशिवाय ऑपरेशन करताना त्यांच्या बोटाला कापलं, जंतू रक्तात गेले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांचा जीव गेला. गोळी लागून नाही, बोटाला झालेल्या कापल्यानं. त्या रुग्णालयाचं प्रमुखपद १९४१मध्ये सोलापूरच्या या मुलाकडे आलं. आपल्या आधीचा माणूस कशानं गेला हे माहीत असताना कोटणीस रोज टेबलाशी उभे राहिले असतील. त्यांच्याकडे हेपा नव्हता, एएचयू नव्हता. तेव्हाच्या युद्धभूमीवर पेनिसिलिनही नव्हतं. मी स्मारकासमोरून जाते तेव्हा मला त्यांचा त्याग आठवतो त्याआधी ते हात कसे धूत असतील हा विचार येतो.

आपल्याकडे आता साधनं आहेत, आणि त्याबरोबर एक सोय आलीय: फ्युमिगेशन, म्हणजे खोलीत जंतुनाशक धूर कोंडणं. शनिवारी संध्याकाळी फॉर्मलिन सोडायचं, दारं सील करायची, सोमवारी उघडायचं. उघडल्यावर डोळ्यांतून पाणी, घशाला चरका. फॉर्मलिनमधून निघणारं फॉर्मल्डिहाइड हे कर्करोगकारक आहे, २००४पासून आंतरराष्ट्रीय यादीत पहिल्या, म्हणजे खात्रीच्या कर्करोगकारकांच्या गटात. दार उघडून तो धूर सगळ्यात आधी अंगावर घेणारी असते ती मावशी. सर्जन येईपर्यंत वास विरलेला असतो. आता पुष्कळांनी हायड्रोजन पेरॉक्साइडचं फॉगिंग आणलंय, ते बरं. पण धूर कुठलाही असो, रक्ताचा वाळलेला डाग त्यानं निघत नाही. तो साबणानं, पाण्यानं, हातानं घासावा लागतो. टेबलाच्या पायांच्या बिजागऱ्या, दिव्याच्या मुठी, भूलयंत्राच्या मागची वायर, आयव्ही स्टँडची चाकं. धुरानंतर दोन दिवस सगळे निर्धास्त असतात, आणि नेमकं घासायचं राहून जातं.

तसाच माझा रिपोर्ट. "नो ग्रोथ", म्हणजे प्लेटवर काही वाढलं नाही, असं लिहिलेला कागद फाइलला लागला की समाधान. एका ठिकाणाहून मला फोन आला होता, तपासणीची टीम येणार आहे, मागच्या महिन्याच्या तारखेनं तसा कागद पाठवा. मी पाठवला नाही, ते काम गेलं. ज्याच्या तालावर आपल्याकडचे बरेच नियम बेतलेले आहेत त्या अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं १९९९मध्येच सांगितलंय की थिएटरचे असे ठरावीक मुदतीचे नमुने घेऊ नका. जखमा पिकायला लागल्या, काही शोधायचं असेल तेव्हा घ्या. मी स्वतः या नमुन्यांवर पोट भरते आणि तरी हे म्हणणं मला पटतं. माझी प्लेट त्या एका तासाचं सांगते. खोली रिकामी, दार बंद, कुणी चालत नाही, तेव्हाचं. ऑपरेशनच्या वेळी आत किती माणसं होती, दार किती वेळा उघडलं, पेशंटचे केस वॉर्डात ब्लेडनं काढले की क्लिपरनं, यातलं काही तिला माहीत नसतं. आणि टाके पिकतात ते बहुतेकदा पेशंटच्या स्वतःच्या कातडीवरच्या जंतूंनी, हेही खरंच आहे. तरी मी जाते, कारण डबा घेऊन गेले की दोन तास तिथे उभं राहायला मिळतं. जे दिसतं ते सांगता येतं. रिपोर्टात त्याला रकाना नसतो, म्हणून मी खाली हातानं लिहिते: दाराला स्टूल लावू नये. हौद धुवावा. भिंतीचा पोपडा निघालाय.

आणि नातेवाइकांनी विचारावं, असं मला आता कळकळीनं वाटतं. भांडणाच्या सुरात नको, आरोप म्हणून नको. "आत हवा कुठून येते?" "ऑपरेशनच्या वेळी आत किती जण असतात?" "मागच्या वर्षी किती जणांचे टाके पिकले, तुम्ही मोजता का?" हा शेवटचा प्रश्न तर माझ्या सगळ्या प्लेट्सपेक्षा मोलाचा. मोजणारं रुग्णालय या प्रश्नावर चिडत नाही. वही काढून दाखवतं.

ओळखीचं एक डॉक्टर जोडपं आहे, त्यांचं वीस खाटांचं रुग्णालय. गेल्या साली त्यांनी थिएटरशेजारची एक स्पेशल रूम मोडली आणि तिथे एएचयू बसवला. कर्ज अजून चालू आहे. दाराजवळ भिंतीवर दाबाचा काटा लावलाय, गोल, घड्याळाएवढा. त्याची नोंद ठेवायचं काम मावशींकडे. मावशी चौथी शिकलेल्या. रोज सकाळी केसच्या आधी आकडा वहीत लिहितात आणि तो हिरव्या पट्ट्याच्या खाली गेला तर थेट सरांना सांगायचं, मध्ये कुणाला विचारायचं नाही, असं मॅडमनी त्यांना सगळ्यांसमोर बजावलेलं. या उन्हाळ्यात एका सकाळी काटा शून्यावर होता. एएचयूमधला हवा ढकलणारा पंखा, ब्लोअर, फिरत होता की नाही ते खालून कळत नव्हतं. खोलीत आधीचा गारवा होताच. मावशींनी सांगितलं, सरांनी वर जाऊन पाहिलं तर ब्लोअरचा पट्टा तुटलेला. गुडघ्याच्या सांध्याची केस लागलेली होती, पेशंट रात्रीपासून उपाशी. मुलगा भडकला, सुट्टी टाकून पुण्याहून आलोय म्हणाला, एवढी गार खोली आहे आणि तुम्हाला आणखी काय हवंय म्हणाला. सरांनी त्याला वर गच्चीवर नेलं, यंत्राचं दार उघडून तुटलेला पट्टा दाखवला, फिल्टर दाखवले, हवा कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते ते दाखवलं. तो मग स्वतःच मोटरसायकल घेऊन एमआयडीसीत गेला आणि दुकानातून त्या मापाचा पट्टा घेऊन आला. दुपारी ब्लोअर सुरू झाला. थिएटर पुन्हा सगळं पुसून काढलं, रात्रभर हवा चालू ठेवली. केस दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला घेतली, मावशींनी आकडा लिहिल्यावर.